छायाचित्रावर पट्टी ठेवून अंतर मोजता येते का?

माणूस चंद्रावर उतरलाच नाही, असे ठासून सांगणारा एखादा विद्यार्थी बहुतेक शिक्षकांना भेटलेला असतो. त्याचा एक आवडता पुरावा असा : १९७१ सालच्या अपोलो १५ मोहिमेच्या छायाचित्रांत एकच डोंगर पुन्हा पुन्हा मागे दिसतो. एका छायाचित्रात त्याच्यापुढे उतरलेले यान मोठे दिसते, दुसऱ्यात ते अगदी लहान असते किंवा नसतेच. डोंगर मात्र दोन्हींत तेवढाच! तेव्हा तो पडद्यावर रंगवलेला असला पाहिजे.

या विद्यार्थ्याला दटावून गप्प करणे सोपे आहे, पण त्याने काही साधत नाही. दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की त्यांतील अंतरे ताडून पाहता येतात, असे त्याने गृहीत धरले आहे. हेच आपणही नकळत अनेकदा गृहीत धरतो. म्हणून आधी ते तपासू.

छायाचित्रात काय नोंदले जाते?

कॅमेऱ्याचे भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा आपल्यामागे, जवळजवळ नाभीय अंतरावर पाडते. समरूप त्रिकोणांवरून एक साधे सूत्र मिळते :

प्रतिमेची उंची = नाभीय अंतर × वस्तूची उंची ÷ वस्तूचे अंतर

म्हणजे प्रतिमेत वस्तूची उंचीही वेगळी नोंदली जात नाही आणि अंतरही नाही. नोंदले जाते ते त्या दोहोंचे गुणोत्तर. दीड मीटर उंचीचा मुलगा ३ मीटरवर असो की १५ मीटर उंचीचे झाड ३० मीटरवर असो, प्रतिमा सारख्याच उंचीची पडते. समीकरण एक आणि अज्ञात राशी दोन! नाभीय अंतर ठाऊक नसेल, तर तीन.

आता दोन छायाचित्रांची तुलना करू. दीड मीटर उंचीचा एक विद्यार्थी उभा आहे आणि त्याच्यामागे २७ मीटरवर ९ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे. पहिले छायाचित्र विद्यार्थ्यापासून ३ मीटरवरून, ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने घेतले. विद्यार्थ्याची प्रतिमा २५ मिलिमीटर येते, तर ३० मीटरवरच्या स्तंभाची १५ मिलिमीटर. दुसऱ्या वेळी आपण ३ मीटर मागे सरकलो आणि १०० मिलिमीटरचे भिंग लावले. विद्यार्थी पुन्हा २५ मिलिमीटरच येतो. पण आता ३३ मीटरवर गेलेला स्तंभ सुमारे २७ मिलिमीटर येतो.

ही दोन छायाचित्रे पाहणारा काय म्हणेल? विद्यार्थी जागचा हलला नाही, पण स्तंभ कोणीतरी उचलून जवळ आणून रोवला! प्रत्यक्षात दोघेही जागेवरच आहेत. हलला तो कॅमेरा. कॅमेरा किती हलला आणि भिंग कोणते होते, हे छायाचित्राच्या कागदावर कोठेही लिहिलेले नसते.

त्यात आणखी भर पडते. छायाचित्र छापताना मोठे किंवा लहान केले जाते, त्याच्या कडा कापल्या जातात. आजच्या मोबाइलमध्ये तर दोनतीन भिंगे असतात आणि कोणते वापरायचे ते पुष्कळदा मोबाइलच ठरवतो. अशा दोन चित्रांवर पट्टी ठेवून काढलेले अंतर म्हणजे वेगवेगळ्या प्रमाणांच्या दोन नकाशांवर एकच पट्टी लावण्यासारखे आहे.

चंद्रावरचा डोंगर

अपोलो १५ चे यान हॅडली पर्वतप्रदेशात उतरले. तेथील 'हॅडली डेल्टा' हा पर्वत भोवतालच्या मैदानापासून सुमारे साडेतीन किलोमीटर उंच आहे. कॅमेऱ्यापासून त्याचे अंतर १० किलोमीटर धरू. यानाची उंची सुमारे ७ मीटर आणि भिंग ६० मिलिमीटरचे. यान ३० मीटरवर असताना त्याची प्रतिमा १४ मिलिमीटर येते. अंतराळवीर १०० मीटर मागे गेला, की तीच जेमतेम सव्वातीन मिलिमीटर होते. पर्वताचे अंतर मात्र १०,००० मीटरचे १०,१०० झाले. त्याची प्रतिमा केवळ एक टक्क्याने घटली. एवढा फरक छापील चित्रात डोळ्यांना जाणवत नाही. यान लहान होणे आणि डोंगर तसाच राहणे हा पडद्याचा पुरावा नसून डोंगर खूप दूर असल्याचा पुरावा आहे.

मग तो जवळ का वाटतो? पृथ्वीवर दूरचे डोंगर हवेमुळे धूसर, निळसर दिसतात आणि त्यावरून आपण अंतर ताडतो. चंद्रावर हवा नाही. झाडे, घरे, विजेचे खांब अशा ओळखीच्या वस्तूही नाहीत. प्रत्यक्ष तेथे चालणाऱ्यांनाही अंतराचा अंदाज घेणे कठीण गेले. १९७१ सालीच अपोलो १४ चे शेपर्ड आणि मिचेल 'कोन' विवराची कड शोधता शोधता परत फिरले. ते कडेपासून अवघ्या काही दशमीटरांवर होते, हे पुढे कळले.

मग मोजतात कसे?

छायाचित्रांवरून अंतरे मोजता येतात, पण त्यासाठी छायाचित्रे त्या हेतूने घ्यावी लागतात. भिंगाचे नाभीय अंतर आणि दोन ठिकाणांमधले अंतर, म्हणजे पायारेषा, ठाऊक हवी. पायारेषा १ मीटर आणि भिंग ५० मिलिमीटरचे असेल, तर ३० मीटरवरच्या स्तंभाची प्रतिमा १.६७ मिलिमीटर सरकते. या सरकण्याला पराशय म्हणतात. तो मोजताना ०.१ मिलिमीटरची चूक झाली, तर अंतरात सुमारे पावणेदोन मीटरची चूक होते. तीन किलोमीटरवरच्या टेकडीसाठी पराशय ०.०१७ मिलिमीटर एवढाच येतो. पायारेषा वाढवल्याखेरीज तो मोजणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. विमानातून नकाशासाठी छायाचित्रे घेताना लागोपाठच्या दोन चित्रांत साधारण ६० टक्के भाग समान ठेवतात, तो याचसाठी. हिमनदी किती मागे हटली हे दाखवायचे असेल, तर जुने छायाचित्र जेथून घेतले तीच जागा शोधून तेथूनच नवे घेतात. अपोलोच्या कॅमेऱ्यांतही फिल्मपुढे १० मिलिमीटरवर बारीक फुल्या कोरलेली काच होती. त्या फुल्यांवरून चित्र किती मोठे केले आहे आणि फिल्म कोठे ताणली गेली आहे, हे समजते.

वर्गात करून पाहा

वरचा ध्वजस्तंभाचा प्रयोग मोबाइलने सहज होतो. ३ मीटरवरून एक आणि ६ मीटरवरून दुप्पट झूम करून दुसरे छायाचित्र घ्या. मग उलटे गणित द्या : पहिल्या छायाचित्रात स्तंभ विद्यार्थ्याच्या ०.६ पट आहे. दोघांच्या खऱ्या उंची आणि त्यांच्यामधले २७ मीटर ठाऊक आहेत. तर कॅमेरा कोठे होता? उत्तर बरोबर ३ मीटर येते. यांपैकी एक माहिती काढून घ्या आणि तेच गणित पुन्हा सोडवायला सांगा. ते सुटत नाही, असे विद्यार्थी स्वतःच सांगतील. त्यानंतर चंद्रावरची ती दोन छायाचित्रे वर्गात अवश्य आणावीत आणि कोणती माहिती हाती नाही, याची यादी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावी.