थंडीत सकाळी टायरचा दिवा लागतो अन् नंतर विझतो. सेन्सर बिघडलाय का?

भंडारदऱ्याला धरणाकाठी मुक्काम केला. थंडीतल्या सकाळी गाडी सुरू करताच डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला आणि थोडे अंतर गेल्यावर विझला. अशा वेळी दोष सेन्सरचा असेलच असे नाही.

कारण काय?
तापमान १० अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब साधारण दीड पीएसआयने घटतो. गाडी चालली की टायर तापतो, दाब वाढतो आणि दिवा विझतो. पण एवढ्याशा फरकाने दिवा लागला, म्हणजे हवा आधीच कमी असण्याची शक्यता जास्त.

काय कराल?
टायर थंड असतानाच दाब मोजा. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळील स्टिकरवर दिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. एकच टायर वारंवार उतरत असेल, तर पंक्चर आणि व्हॉल्व्ह तपासून घ्या.

सेन्सरचा दोष कसा ओळखाल?
गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग तसाच राहिला, तर बहुतेक गाड्यांत तो सेन्सर यंत्रणेतील बिघाड असतो. चाकातील सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षे टिकते. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो. एबीएस यंत्रणा चाकाच्या वेगावरून अंदाज घेते. तिथे हवा भरल्यावर रीसेट करावे लागते.

दिवा विझला म्हणून निर्धास्त होऊ नका. मुंबईकडे परतताना कसारा घाट उतरण्याआधी हवा तपासाच.