जहाजावर चढलेला बोजा

जबलपूरच्या ग्वारीघाटावरून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तरी समजा, इथल्या एका मुलाने हॉटेल मॅनेजमेंट शिकून परदेशी क्रूझवर नोकरी धरली. केबिन साफ करणारा स्ट्युअर्ड. एका रात्री भर समुद्रात ओल्या जिन्यावरून तो पडला आणि त्याचा मणका दुखावला. कंपनी एका देशातली, जहाजाची नोंदणी बहामाची, अपघात तिसऱ्याच किनाऱ्याजवळ. त्याने दाद मागायची कुणाकडे?

सागरी कायद्याचं उत्तर ऐकून मी पहिल्यांदा थक्क झालो होतो. दाद खुद्द जहाजाविरुद्ध मागता येते! दाव्यात प्रतिवादी म्हणून जहाजाचंच नाव येतं, न्यायालय त्याला अटक करतं, आणि मालकाने जामीन भरेपर्यंत ते बंदर सोडू शकत नाही. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो ना, तसा जखमी खलाशाच्या भरपाईचा बोजा जहाजावर चढतो. जमीन विकली तरी बोजा तिच्यासोबत जातो. इथेही जहाज विकलं, झेंडा बदलला, नाव बदललं, तरी बोजा सुटत नाही. भारताच्या सागरी दाव्यांविषयीच्या 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्यात या बोजांचा क्रमही ठरलेला आहे: आधी खलाशांचा पगार आणि त्यांना घरी पोहोचवण्याचा खर्च, मग लगेच जहाजाच्या कामकाजात झालेला मृत्यू किंवा इजा. बंदराची देणीसुद्धा त्यांच्या मागे.

परदेशी जहाजालाही अटक करण्याचं बळ आपल्या न्यायालयांकडे आहे हे स्पष्ट झालं ते गोव्याच्या एका प्रकरणातून. 1984 च्या फेब्रुवारीत ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे परदेशी जहाज मुरगावहून माल घेऊन निघून गेलं. गोव्यातल्या व्यापारी कंपनीची तक्रार होती की मालाची कागदपत्रं न देताच ते गेलं. पुढे तेच जहाज विशाखापट्टणमला आलं आणि तिथे त्याला अटक झाली. मालक परदेशात, भारतात त्याचं कार्यालय नाही. मग आंध्रच्या उच्च न्यायालयाला अधिकार आहे का? 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आहे. वाद मालाचा होता, खलाशाचा नव्हता. पण परदेशी जहाजाला आपल्या किनाऱ्यावर अडवण्याची वाट त्या निकालाने मोकळी झाली.

जबलपूरला मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय आहे, मात्र अ‍ॅडमिरल्टीचा अधिकार असलेल्या न्यायालयांच्या यादीत ते नाही. जहाज मुंबईला, मुरगावला किंवा गुजरातच्या एखाद्या बंदरात आलं, तर अर्ज तिथल्या उच्च न्यायालयात. जबलपूरजवळच्या बरगीच्या जलाशयातल्या पर्यटकांच्या बोटीवर कुणी कामगार पडला तर हा कायदा सहसा लागूच होत नाही, कारण ती अंतर्देशीय नौका. दोघेही पाण्यावरचेच कामगार, पण कायदे वेगळे.

आजारी किंवा जखमी खलाशाच्या हक्काचं मूळ शोधत गेलं की आपण फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या ओलेरों बेटापाशी पोहोचतो. त्याच्या नावाने ओळखले जाणारे खलाशांचे नियम मध्ययुगातले. जहाजावर कुणी आजारी पडला तर त्याला किनाऱ्यावर उतरवून राहायला जागा द्यावी, मेणबत्तीचा उजेड द्यावा, सेवेला जहाजावरचा एक पोरगा ठेवावा किंवा एखादी बाई नेमावी, आणि जहाजावर मिळत असे तसं जेवण द्यावं. मेणबत्तीसुद्धा! परक्या गावात अंधारात पडलेल्या माणसाला काय हवं असतं, हे ज्याने लिहिलं त्याला ठाऊक होतं. 2006 च्या जिनिव्हातल्या सागरी कामगार करारात (भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला) तोच धागा आहे: उपचार, औषधं, राहणं-जेवण मालकाच्या खर्चाने. देशाच्या कायद्याने मुदत घातली तरी ती सोळा आठवड्यांहून कमी नको.

पण नोकरीच्या करारातलं एखादं कलम हे सगळं अवघड करू शकतं. 25 मे 2003 ला मायामीच्या बंदरात ‘नॉर्वे’ या क्रूझचा बॉयलर फुटला आणि आठ कर्मचारी गेले. फिलिपिनो कर्मचाऱ्यांच्या वतीने तिथेच दावे झाले. अमेरिकन न्यायालयाने 2005 मध्ये ठरवलं की करारात लवाद लिहिला आहे, तेव्हा फिलिपाइन्समध्ये लवादापुढे जा. ज्या बंदरात माणसं मेली तिथलं न्यायालय त्यांच्या घरच्यांना बंद झालं. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो.

ते जहाज शेवटी ‘ब्लू लेडी’ नावाने 2006 मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर चढवलं गेलं आणि तिथेच तोडलं गेलं. ग्वारीघाटावरून वाहणारी नर्मदा ज्या खंबातच्या आखाताला मिळते, त्याच्याच पश्चिम काठावर अलंग आहे.

तेव्हा घरातलं कुणी क्रूझवर निघालं असेल, तर सही करण्याआधी करारातलं लवादाचं कलम वाचा. एजंटकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का ते तपासा, आणि कराराची एक प्रत घरी ठेवा. इजा झाली तर जहाजाच्या नोंदवहीत ती नोंदवायला सांगा. आणि वकिलाकडे लवकर जा: भारतीय कायद्यात इजेचा बोजा जहाजावर एक वर्षच राहतो, पगाराचा दोन वर्षं.