कंपनीची बदली आणि परदेशाचा व्हिसा : निघण्यापूर्वीचे एक वर्ष

सन १९१३ च्या जुलै महिन्यात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांच्यामागे बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती. शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी निघण्यापूर्वीच लिहून दिला होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. तो अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची बचत आणि स्नेह्यांचे साहाय्य यांच्या बळावर.

बाबासाहेबांच्या चरित्रातील हा भाग आपण जयंतीच्या भाषणांतून पुष्कळदा ऐकला आहे. त्यातील व्यवहाराचा धडा मात्र सहसा सांगितला जात नाही. दुसऱ्याच्या आधारावर परदेशी जाणाऱ्या माणसाची मुदत त्या आधाराच्या मुदतीइतकीच असते. म्हणून त्या आधाराच्या अटी निघण्यापूर्वी नीट वाचलेल्या असाव्यात.

आज नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा आणि धडगाव या तालुक्यांतून निवासी शाळांत शिकलेली मुलेमुली पुण्या-मुंबईच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करीत आहेत. अशा एखाद्या घरी एके दिवशी फोन येतो, "आई, कंपनी मला अमेरिकेला पाठवतेय." घरात आनंद होतो, गावात पेढे वाटले जातात. व्हिसा कोणता, किती वर्षांचा आणि त्यानंतर काय, हे प्रश्न मात्र त्या आनंदात मागे पडतात. त्या प्रश्नांची उत्तरे सोप्या रीतीने मांडावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बदलीचा व्हिसा म्हणजे काय?

अमेरिकेचे दार आपल्यासाठी नेहमी उघडे नव्हते. बाबासाहेब तेथे गेल्यानंतर चारच वर्षांनी, १९१७ च्या कायद्याने, भारतासह आशियातील मोठ्या प्रदेशातून होणारे स्थलांतर बंद करण्यात आले. १९४६ साली भारतीयांसाठी वर्षाला १०० जागा ठेवल्या गेल्या. १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली. त्यानंतर १९७० साली कंपनीअंतर्गत बदलीसाठी 'एल-१' हा नवा व्हिसा निर्माण झाला. मोठ्या कंपन्यांना आपली अनुभवी माणसे एका देशातील कार्यालयातून दुसऱ्या देशातील कार्यालयात नेता यावीत, हा त्यामागील उद्देश होता.

या व्हिसाचे दोन प्रकार आहेत. कार्यकारी अधिकारी आणि व्यवस्थापक यांच्यासाठी 'एल-१ए', तर कंपनीच्या उत्पादनाचे अथवा कार्यपद्धतीचे विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी 'एल-१बी'. पहिल्याची कमाल मुदत सात वर्षे, दुसऱ्याची पाच. दोन्हींना समान असलेली अट अशी की, मागील तीन वर्षांपैकी किमान एक वर्ष सलग, त्याच कंपनीत किंवा तिच्या मूळ कंपनीत, शाखेत, उपकंपनीत अथवा संलग्न कंपनीत, अमेरिकेबाहेर काम केलेले असावे. अर्ज उमेदवार करीत नाही, कंपनी करते.

आपल्याकडे 'एच-१बी' हे नाव अधिक परिचित आहे. त्या व्हिसासाठी वर्षाला ८५,००० ची मर्यादा असून त्यापेक्षा अर्ज जास्त आल्यास सोडत निघते. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून होणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश निघाला. बदलीच्या व्हिसाला ना वार्षिक मर्यादा आहे, ना सोडत, आणि तो आदेशही त्याला लागू नाही. त्यामुळे कंपन्यांना ही वाट सोयीची वाटते.

कर्मचाऱ्याच्या बाजूने मात्र एक मोठा फरक आहे. एच-१बी असलेल्याला दुसरी कंपनी नवा अर्ज करून आपल्याकडे घेऊ शकते. बदलीचा व्हिसा दुसऱ्या, असंबंधित कंपनीकडे नेता येत नाही, कारण 'बदली' हाच त्याचा पाया आहे. नोकरी गेली, तर साधारणपणे साठ दिवस किंवा मुक्कामाची उरलेली मुदत, यांपैकी जे आधी संपेल तेवढाच अवधी मिळतो. त्या अवधीत दुसरा कायदेशीर दर्जा मिळवावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो.

या बांधिलकीचा आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे. वरिष्ठाने जातीवरून डावलले, तर नोकरी सोडून जाण्याचा मार्ग अशा माणसापाशी नसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवर आधारित भेदभावाला कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपालांनी नाकारले. म्हणजे संरक्षण सर्वत्र सारखे नाही. आपण ज्या राज्यात व शहरात जाणार, तेथील कायदा आणि कंपनीचे तक्रार निवारणाचे नियम ठाऊक असणे, ही भित्रेपणाची नव्हे, शहाणपणाची गोष्ट आहे.

'व्यवस्थापक' कोणाला म्हणायचे?

आपल्या कंपन्यांत पदनामे उदारपणे दिली जातात. पाच-सात वर्षांच्या अनुभवानंतर 'मॅनेजर' हा शब्द नावापुढे लागतो. अमेरिकेचा कायदा पदनाम पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहतो. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे व्यवस्थापक म्हणजे कंपनीचा एखादा विभाग किंवा महत्त्वाचे कार्य चालवणारा, दैनंदिन निर्णय स्वतःच्या अधिकारात घेणारा माणूस. तो माणसांवर देखरेख करीत असेल, तर नेमणूक, बढती आणि कामावरून कमी करणे यांत त्याचा शब्द चालला पाहिजे. शिवाय त्याच्या हाताखालची माणसे स्वतः पर्यवेक्षक, व्यवस्थापक किंवा उच्चशिक्षित व्यावसायिक असली पाहिजेत. कारखान्यातील मुकादमासारखे पहिल्या पायरीवरचे पर्यवेक्षण पुरेसे ठरत नाही.

समजा, आपली एक माजी विद्यार्थिनी पुण्यात 'प्रोजेक्ट मॅनेजर' आहे. तिच्या हाताखाली आठ अभियंते आहेत, त्यांचे वार्षिक मूल्यमापन ती करते, कोणाला कोणते काम द्यायचे हे ती ठरवते. ती या व्याख्येत बसू शकते. तिच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचे पदनाम तेच आहे, पण तो दिवसभर स्वतःच संगणकाची आज्ञावली लिहितो आणि त्याच्या हाताखाली कोणी नाही. सर्वसाधारणपणे तो व्याख्येत बसणार नाही. दोघांच्या व्हिजिटिंग कार्डावर मात्र एकच शब्द छापलेला असतो.

खरी मेख येथे आहे

पुष्कळांच्या मनात बदलीमागे ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, आशा असते. १९९० च्या कायद्याने बहुराष्ट्रीय कंपन्यांचे कार्यकारी अधिकारी आणि व्यवस्थापक यांच्यासाठी पहिल्या पसंतीच्या वर्गात एक स्वतंत्र उपवर्ग ठेवला आहे. त्याला 'ईबी-१सी' म्हणतात. या वर्गात, त्या जागेसाठी स्थानिक कामगार उपलब्ध नाही असे श्रम विभागाचे प्रमाणपत्र आणावे लागत नाही, हा त्याचा मोठा लाभ. अमेरिकेतील कंपनी किमान एक वर्ष प्रत्यक्ष व्यवसाय करीत असली पाहिजे आणि तिने कायम स्वरूपाच्या व्यवस्थापकीय नोकरीचा प्रस्ताव दिला पाहिजे.

एल-१ए आणि ईबी-१सी यांच्या अटी वरवर सारख्या दिसतात, म्हणूनच फसगत होते. एल-१ए साठी मायदेशी केलेले एक वर्षाचे काम व्यवस्थापकीय असो वा विशेष ज्ञानाचे, चालते. अमेरिकेत मिळणारे पद व्यवस्थापकीय असले म्हणजे झाले. ईबी-१सी साठी मात्र मायदेशातील ते एक वर्षदेखील व्यवस्थापकीय किंवा कार्यकारी कामाचेच असावे लागते. पुण्यात तज्ज्ञ म्हणून काम केले, अमेरिकेत गेल्यावर व्यवस्थापक झाला आणि पाच वर्षे उत्तम विभाग चालवला, तरी अशा माणसाला या वर्गातून ग्रीन कार्ड मिळत नाही. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाच्या, कितीतरी लांब रांगेत उभे राहावे लागते. थोडक्यात, या वर्गाची वाट अमेरिकेत उतरल्यावर ठरत नाही. निघण्यापूर्वीच्या वर्षात, इथल्या कार्यालयात, आपल्या हाती कोणते काम होते यावर ती ठरून गेलेली असते.

रांगेचाही हिशेब समजून घ्यावा. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० असतात आणि त्यात पती-पत्नी व मुलेही मोजली जातात. साधारण नियमाप्रमाणे एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. देश म्हणजे नागरिकत्वाचा नव्हे, जन्माचा. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांना पहिल्या वर्गातही काही वर्षे थांबावे लागते. एच-१बी वर असलेल्याचा ग्रीन कार्डाचा मूळ अर्ज मंजूर झाला, तर रांगेत असेपर्यंत मुक्काम सहा वर्षांपलीकडे वाढवता येतो. एल-१ए ला ही सवलत नाही, सात वर्षे म्हणजे सातच. म्हणून कंपनी ग्रीन कार्डासाठी अर्ज करणार का आणि केव्हा, हे पहिल्याच वर्षी विचारले पाहिजे. सहाव्या वर्षी विचारणाऱ्याच्या हाती फारसा वेळ उरत नाही.

घरच्यांचे काय?

पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले 'एल-२' व्हिसावर सोबत जाऊ शकतात. पती अथवा पत्नीला तेथे नोकरी करता येते. नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी वेगळ्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही. शिकलेल्या सुनेने किंवा जावयाने घरी बसून राहण्याची वेळ येऊ नये, यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. मुलांना शाळेत जाता येते, नोकरी मात्र करता येत नाही आणि २१ वर्षे पूर्ण झाली की त्यांचा आश्रित दर्जा संपतो.

आईवडिलांना या व्हिसावर नेता येत नाही. ते पाहुणे म्हणून, पर्यटक व्हिसावर, काही महिन्यांसाठी जाऊ शकतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचे नागरिक झाल्यावरच आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो आणि नागरिकत्वासाठी ग्रीन कार्डानंतर साधारण पाच वर्षे लागतात. साठीला पोहोचलेल्या आईवडिलांनी आणि त्यांच्या लेकरांनी हा हिशेब एकत्र बसून करावा. म्हातारपणी घरी कोण असेल, हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही.

पैशांचीही एक बाब आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. त्यामुळे बदलीवर गेलेल्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षा व वैद्यकीय विम्याचा कर म्हणून ७.६५ टक्के रक्कम कापली जाते. तेथील निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र साधारण दहा वर्षांच्या कामानंतर मिळतो. सात वर्षांनी परतणाऱ्याला सहसा ते पैसे परत मिळत नाहीत.

एक जूनचा प्रश्न

ही बाब आपल्या शाळेशी थेट संबंधित आहे. सातपुड्याच्या पाड्यांवर अनेक जन्म घरीच झाले, त्यांची नोंद ग्रामपंचायतीत झाली नाही. शाळेत प्रवेश घेताना गुरुजींनी अंदाजाने एक जून ही जन्मतारीख लिहिली. पुढे कोणी उशिरा जन्मदाखला काढला, त्यावर वेगळी तारीख आली. कुठे वडिलांचे नाव वेगळे, कुठे आडनावाचे स्पेलिंग वेगळे. नोकरीत हे खपून जाते. ग्रीन कार्डाच्या वेळी जन्मदाखला मागितला जातो, तेव्हा पासपोर्ट, दाखला आणि शाळेचे कागद यांतील प्रत्येक विसंगतीचा खुलासा करावा लागतो.

जन्माची नोंदच नसेल, तर नोंद उपलब्ध नसल्याचा निबंधकांचा दाखला आणि सोबत दुय्यम पुरावा द्यावा लागतो. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला मोलाचा ठरतो. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख बदलणे अत्यंत कठीण असते. म्हणून पालकांनी प्रवेशाच्या दिवशीच नाव व तारीख तपासावी, आणि माजी विद्यार्थ्यांनी परदेशाचा विचार मनात येण्यापूर्वीच आपले सर्व कागद एकमेकांशी ताडून पाहावेत.

इतर देश

सगळीकडे नियम सारखे नाहीत. ब्रिटनने एप्रिल २०२२ मध्ये कंपनीअंतर्गत बदलीसाठी नवी व्यवस्था आणली. त्या व्हिसावरील वर्षे कायम वास्तव्यासाठी मोजली जात नाहीत. जर्मनीत व्यवस्थापक व तज्ज्ञ यांच्या बदलीच्या कार्डाची कमाल मुदत तीन वर्षे आहे. म्हणून 'अमुक मित्र गेला आणि तिथेच राहिला' हा पुरावा मानू नये. तो कोणत्या देशात, कोणत्या व्हिसावर गेला, ते आधी विचारावे.

सही करण्यापूर्वी

बदलीचे पत्र हाती आले की मनुष्यबळ विभागाला हे प्रश्न लेखी विचारावेत. व्हिसा एल-१ए आहे की एल-१बी? इथले माझे काम अर्जात व्यवस्थापकीय म्हणून दाखवले आहे का, आणि ते खरोखर तसे आहे का? मी तेथे कंपनीच्या कार्यालयात बसणार की ग्राहक कंपनीच्या जागेत? एल-१बी वाल्याला ग्राहकाच्या जागेत, मुख्यतः त्याच्याच नियंत्रणाखाली काम करण्यास २००४ च्या कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज होणार का? परतीचा खर्च कोणाचा, आणि मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास भरपाईची अट आहे का? कंपनीने नेमलेला वकील कंपनीचेही हित पाहतो. शक्य असल्यास एकदा स्वतःच्या खर्चाने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा. नियम व शुल्क बदलत असतात, तेव्हा निर्णयाआधी ताजी अधिकृत माहिती पाहावी.

आणि एक इशारा. 'मॅनेजर व्हिसा काढून देतो' म्हणत लाखो रुपये मागणारा दलाल भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. ज्या कंपनीत आपण एक वर्ष कामच केले नाही, तिचा बदलीचा व्हिसा आपल्याला मिळू शकत नाही. खोट्या कागदांवर अर्ज केला, तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते आणि शेत गहाण टाकून उभे केलेले पैसेही जातात.

बाबासाहेबांनी करारावर सही केली, ती अटी ठाऊक असताना. मुदत संपल्यावर ते परतले आणि राहिलेला अभ्यास पुढे स्वतःच्या बळावर पुरा केला. आपल्या शाळेतून निघालेल्या प्रत्येक मुलामुलीने जरूर दूर जावे. परंतु आपण कोणाच्या आधाराने, किती काळासाठी आणि कोणत्या अटींवर जात आहोत, हे निघण्यापूर्वी स्वतः वाचून, समजून आणि घरच्यांना सांगून जावे.