तापमान-संवेदक चिपवरील इशारा-संकेत मिटविणे : लस-साठवणुकीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

डहाणू तालुक्याच्या अंतर्भागात सायवन येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. परिसरातील वस्ती प्रामुख्याने आदिवासी असून पाडे विखुरलेले आहेत. अशा केंद्रांत लसी बर्फाचे अस्तर असलेल्या फ्रीजमध्ये, म्हणजेच आयएलआरमध्ये, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवल्या जातात. तापमानाची नोंद सकाळी व सायंकाळी, सुटीच्या दिवशीही, वहीत करावयाची असते. या दोन नोंदींच्या मधल्या काळात लक्ष ठेवण्याचे काम आता संवेदक करतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-विन’ या राष्ट्रीय योजनेत तर तापमान मर्यादेबाहेर गेल्यास मोबाईलवर संदेश पाठविणारी उपकरणे बसविण्यात आली. आपल्या महाविद्यालयांतही विद्यार्थी प्रकल्प म्हणून अशी उपकरणे तयार करतात. इशारा कसा उमटतो हे त्यांना सांगता येते. तो मिटतो कसा, आणि मिटला याचा अर्थ काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

संकेताची रचना

मूळची नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीची एलएम७५ ही चिप प्रयोगशाळांत सर्रास आढळते. तिच्यात वरची मर्यादा व खालची मर्यादा साठविणारी दोन रजिस्टरे असतात आणि इशाऱ्यासाठी एक स्वतंत्र पिन असते. ही पिन ओपन-ड्रेन प्रकारची असल्याने तिला बाहेरून पुल-अप रोधक जोडावा लागतो. इशारा नसताना ती उच्च पातळीवर राहते व इशारा येताच खाली ओढली जाते.

पिनेच्या वर्तनाच्या दोन पद्धती आहेत. कंपॅरेटर पद्धतीत तापमान वरच्या मर्यादेपलीकडे गेले की संकेत सुरू होतो व खालच्या मर्यादेखाली आले की आपोआप थांबतो. येथे मिटविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. इंटरप्ट पद्धतीत मात्र संकेत एकदा उमटला की तापमान पूर्ववत झाले तरी टिकून राहतो. चिपमधील कोणतेही रजिस्टर वाचले, अथवा चिप शटडाऊन अवस्थेत नेली, की तो मिटतो.

‘कोणतेही रजिस्टर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मायक्रोकंट्रोलर दर मिनिटाला पडद्यावर तापमान दाखविण्यासाठी चिप वाचत असेल, तर त्या नित्याच्या वाचनानेच इशारा पुसला जातो. पिनेवर थेट बझर चालविला असेल, तर तो पुढच्या वाचनापर्यंतच वाजेल. फ्रीज तापलेला असेल, पण खोली शांत असेल. चिपच्या दृष्टीने वाचणाऱ्याला बातमी पोहोचली. वाचणारा माणूस होता की यंत्र, हे तिला कळण्याचे कारण नाही.

याहून सूक्ष्म अडचण मर्यादांच्या निवडीत आहे. लसीसाठी वरची मर्यादा ८ व खालची २ ठेवावी असे कोणासही सहज वाटेल. समजा, वीज गेली, तापमान ९ झाले, संकेत उमटला व वाचनाने मिटला. वीज आल्यावर तापमान ५ वर आले. सायंकाळी पुन्हा वीज जाऊन ते ९ झाले, तर या वेळी संकेत उमटणार नाही. कारण वरच्या मर्यादेचा संकेत एकदा मिटविल्यावर चिप केवळ २ अंशांखाली जाण्याचीच वाट पाहत असते. २ आणि ८ यांच्या चौकटीवर पहारा ठेवणे हे या चिपचे कामच नव्हे. शिवाय तिची अचूकता अधिक-उणे २ अंश आहे; ६ अंशांच्या पट्ट्यासाठी ती अपुरी आहे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

मायक्रोचिप कंपनीच्या एमसीपी९८०८ चिपची रचना वेगळी आहे. तिची कमाल त्रुटी या तापमान-पट्ट्यात अधिक-उणे अर्धा अंश असून वरची, खालची व अतिगंभीर अशा तीन मर्यादा स्वतंत्रपणे देता येतात. इंटरप्ट पद्धतीत तिचा इशारा तापमान वाचल्याने मिटत नाही. त्यासाठी नियंत्रण-रजिस्टरमधील विशिष्ट बिटवर मुद्दाम १ लिहावा लागतो. तापमान अतिगंभीर मर्यादेपलीकडे असेल तर तसे लिहूनही तो मिटत नाही. प्रस्तुत लेखकास हीच रचना अधिक प्रामाणिक वाटते.

नोंद आणि पुरावा

उष्णतेचा एक साक्षीदार लसीच्या कुपीवरच असतो. कुपीवरील व्हीव्हीएम चिन्हातील आतला चौकोन उष्णतेने गडद होत जातो आणि तो पुन्हा फिका होत नाही. हा इशारा कोणासही मिटविता येत नाही. परंतु हे चिन्ह गोठण्याची नोंद घेत नाही. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसी गोठल्यास निकामी होतात, आणि नंतर वितळलेली कुपी वरवर पाहता पूर्वीसारखीच दिसते. म्हणून खालच्या मर्यादेचा इशारा नोंद न होता मिटला, तर बाळाला घेऊन पाड्यावरून चालत आलेल्या आईला आणि लस टोचणाऱ्या परिचारिकेला, दोघींनाही काही कळणार नाही.

यावरून कार्यक्रम-लेखनाचा क्रम ठरतो. संकेत उमटताच वेळ व तापमान प्रथम वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत लिहावे. त्यानंतरच चिपवरील संकेत मिटवावा. लगेच पुन्हा वाचन घ्यावे व तापमान मर्यादेबाहेरच असल्यास इशारा चालू ठेवावा. दिवा मात्र माणसाने बटण दाबून वहीत नोंद करेपर्यंत विझू नये, आणि त्या बटणाने साठविलेली नोंद पुसली जाऊ नये.

वीज वारंवार जाते तेथे आणखी एक दक्षता आवश्यक आहे. चिपचा पुरवठा तुटला की एलएम७५ मधील मर्यादा मूळच्या ८० व ७५ अंशांवर जातात आणि पद्धत कंपॅरेटरची होते. एमसीपी९८०८ मधील इशाऱ्याची पिन तर बंदच असते. म्हणजे वीज परतल्यावर कार्यक्रमाने मर्यादा पुन्हा लिहिल्या नाहीत, तर एक चिप ८० अंशांची वाट पाहत बसेल व दुसरी गप्प राहील.

विद्यार्थ्यांकडून याची पडताळणी सहज करून घेता येते. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांबरोबर दोन्ही चिप ठेवाव्यात, इंटरप्ट पद्धतीत मर्यादा ८ व २ द्याव्यात. झाकण उघडून तापमान ८ च्या वर जाऊ द्यावे, संकेत मिटवावा, झाकण लावून ५ अंशांची वाट पाहावी. एमसीपी९८०८ परततानाही संकेत देते, तोही मिटवावा. मग झाकण पुन्हा उघडावे आणि या दुसऱ्या वेळी कोणती पिन हलते ते विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदवावे.