विनापरवाना सावकारी आणि ऋणकोचे हक्क

गरजूने १०,००० रुपये मागावेत, सावकाराने पहिल्या महिन्याचे व्याज म्हणून १,००० आधीच कापून ९,००० त्याच्या हातावर ठेवावेत, आणि कोऱ्या मुद्रांकावर व सही केलेल्या कोऱ्या धनादेशावर पुढे वाटेल तो आकडा लिहिण्याची मुभा मात्र स्वतःकडे राखावी, हा विनापरवाना सावकारीचा नित्याचा रिवाज होय. ‘दहा टक्के’ हा शब्द ऐकायला सौम्य. परंतु तो दरमहाचा, म्हणजे सालीना १२० टक्क्यांचा असतो, हे ऋणकोच्या ध्यानी बहुधा उशिरा येते.

सावकारांच्या अशाच जाचाला कंटाळून १८७५ साली सुपे येथे रयतेने कर्जरोखे जाळले. आज तशी पाळी येण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्यावाचून सावकारी करणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई करणारा दामदुपटीचा जुना दंडकही या अधिनियमात कायम आहे. खरेदीखताच्या आवरणाखाली जमीन बळकावली गेली असेल आणि व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल, तर चौकशीअंती ती परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतो. या कायद्याचे खरे मोल, आमच्या मते, येथेच आहे.

दारी येऊन दमदाटी झाल्यास पोलिसांत फिर्याद द्यावी. सावकारीची तक्रार मात्र तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कचेरीत लेखी करावी, आणि अर्जाची पोच हाती पडल्यावाचून तेथून उठू नये.