मोटारीच्या धुराची परतीची वाट

भोसरीहून चाकणकडे जाणाऱ्या नाशिक रस्त्यावर गॅरेजांना तोटा नाही. माझी जुनी डिझेल मोटार चढाला ओढेना, म्हणून गेल्या पावसाळ्यात मी तिथल्या एका गॅरेजात गेलो. मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिले आणि तो म्हणाला, "सर, ई.जी.आर. चोक झालाय. मध्ये पत्र्याची चकती टाकून बंदच करू. थोडक्यात काम होईल, गाडी पळेल बघा."

मिस्त्री खोटे बोलत नव्हता. गाडी खरोखर पळाली असती. तरीही ती चकती का घालू नये, ते मला आज तुम्हाला सांगायचे आहे.

इंजिनात जळून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनातच पाठवायचा, ही झाली ई.जी.आर.ची व्यवस्था. एक नळी आणि तिच्यावर उघडझाप करणारी एक झडप, एवढाच तिचा पसारा. आता तुम्ही म्हणाल, एकदा जळलेला धूर पुन्हा आत कशाला? तर आपल्या घरची चूल आठवा. निखाऱ्यावर राख सारली की विस्तव विझत नाही, पण धग उतरते. राखेचा तोच गुण या धुरात आहे. तो पुन्हा जळत नाही. तो ताज्या हवेची थोडी जागा घेतो, थोडी उष्णता शोषतो आणि आतल्या जाळाची धग उतरवतो.

धग उतरवायची कशासाठी? हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोघे शेजारी नांदतात, पण एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. जाळाचे तपमान सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की मात्र त्यांचा संयोग झपाट्याने होऊ लागतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ही फुप्फुसांना जाचतात. शिवाय कडक उन्हात, इंधनाच्या वाफांशी मिळून, त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन बनतो. उंच आकाशातला ओझोन आपले रक्षण करतो. खालचा ओझोन दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरून तो गहू, सोयाबीन, बटाटा अशा पिकांनाही बाधतो. वाऱ्याला शहराची वेस ठाऊक नसते. तेव्हा हा प्रश्न केवळ पिंपरी-चिंचवडकरांचा नाही, खेड तालुक्यातल्या बटाट्याच्या वावराचाही आहे, बरं का!

मग ही झडप बिघडते कशाने? धुरातली काजळी आणि तेलाची वाफ मिळून चिकट काळा थर बसतो. गर्दीत रखडत चालणाऱ्या गाडीत तो लवकर साचतो. झडप उघडी अडकली की गाडी ओढत नाही आणि काळा धूर टाकते. चकती घातली की धुराची परतीची वाट बंद होते, जाळाला भरपूर हवा मिळते आणि काजळी घटते. मालक खूश! पी.यू.सी.च्या केंद्रावरही गाडी पास होते, कारण डिझेल गाडीच्या बाबतीत तिथे धुराचा काळेपणा मोजतात. जे वाढले ती ऑक्साइडे तिथे मोजलीच जात नाहीत, आणि डोळ्यालाही दिसत नाहीत.

मोजणाऱ्यासमोर एक आणि रस्त्यावर दुसरे, याचे मोठे उदाहरण २०१५ साली जगापुढे आले. ज्यांचा कारखाना २००९ मध्ये चाकणला सुरू झाला, त्या फोक्सवॅगन कंपनीच्या युरोपातल्या डिझेल मोटारींत अशी आज्ञावली होती, की तपासणी ओळखून धूर जास्त परत फिरवायचा आणि रस्त्यावर कमी. भारतात पुण्याच्या ए.आर.ए.आय. या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेने मोटारी तपासल्या, तेव्हा रस्त्यावर ही ऑक्साइडे मर्यादेपेक्षा जास्त निघाली. आपण भारतात नियम मोडला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तरी डिसेंबर २०१५ मध्ये तिने आज्ञावली सुधारण्यासाठी सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. ज्या गोष्टीसाठी एवढा बोभाटा झाला, ती आपण एका चकतीने, हसत हसत करावी काय?

कायदाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाची मानके मोडणाऱ्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण केंद्रावर पकडलेच जात नाही, तिथे खरा पहारा आपल्या मनाचा.

उपाय साधा आहे. इंजिन थंड असताना झडप काढून काजळी साफ करून घ्यावी. बसवताना नवे गॅस्केट घालावे. जुन्या गाड्यांत पुष्कळदा ही झडप रबरी नळीतल्या व्हॅक्यूमने हलते. ती नळी चिरली आहे का, ते पाहावे. हवेचा फिल्टर वेळेवर बदलावा. झडप अगदीच निकामी असेल तर नवी बसवावी.

माझ्या गाडीची नळीच चिरली होती. नळी बदलली, झडप धुतली, चढ चढू लागला. खर्च चकतीपेक्षा जास्त आला, हे खरे. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात मुलांना निखाऱ्याचा आणि राखेचा हा दृष्टांत जरूर सांगावा. उद्या यांतलीच काही मुले चाकणच्या कारखान्यांत आणि गॅरेजांत पाना हाती धरतील. चकती मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचे, ते त्यांना आधीच ठाऊक असलेले बरे.