मातीच्या घराची राखण

मृग लागण्याआधी कवेलू फेरले नाहीत तर पावसाळाभर घरात भांडी मांडून बसावे लागते, हे केळापूर तालुक्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. माकडांनी फोडलेले, वाऱ्याने सरकलेले कवेलू उतरवायचे, खालचा पालापाचोळा झाडायचा, फुटक्याच्या जागी साबूत बसवून ओळ पुन्हा लावायची. गावोगाव स्लॅब आणि टिनपत्रे आली, तसे हे काम मागे पडले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात एका घराला मात्र ते चुकलेले नाही. ते घर म्हणजे सेवाग्रामची बापू कुटी.

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी या गावात आले; तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. जागा जमनालाल बजाजांची होती. घर बांधताना खर्च थोडा, सामान जवळपासचे आणि हात गावचे, अशी गांधीजींची अट होती. आधी आदि निवास उभे राहिले. आजची बापू कुटी मुळात मीराबेनची. इंग्रज ॲडमिरलच्या या मुलीने मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे आणि चरखा उठावात काढला. पुढे गांधीजी त्या कुटीत राहू लागले. पत्रे बुलढाण्याच्या शेगावला जात, म्हणून 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी याच आश्रमात टेलिफोन आला. ऑगस्ट 1946 मध्ये गांधीजी इथून निघाले, ते परतलेच नाहीत.

माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांचे घर राखणाऱ्याला उसंत देत नाही. आपली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून भिंतीला पांढरी माती लागते. तीत कुटार आणि शेण कालवून लिंपायचे, वाळले की सारवायचे. पावसाची झड भिंत धुऊन नेऊ नये म्हणून शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधायच्या. वाळवी लागली तर लाकूड बदलायचे. वर्षानुवर्षे असे होत आले, त्यामुळे आजचे लिंपण गांधीजींच्या काळचे नाही. तरी कुटी तीच आहे, कारण रीत तीच आहे.

कापसाच्याच पैशातून उभे राहिलेले एक घर दूर स्कॉटलंडच्या रम बेटावर आहे, किनलॉक कॅसल. लँकेशायरच्या ॲक्रिंग्टनमध्ये सूतगिरण्यांची यंत्रे बनवणाऱ्या हॉवर्ड ॲण्ड बुलो कंपनीचा वारस जॉर्ज बुलो याने ते 1897 ते 1900 दरम्यान बांधले. तांबडा दगड बेटाबाहेरून आणला, विजेसाठी पाणी अडवले, आपोआप वाजणारे भलेमोठे वाद्ययंत्र बसवले. 1957 मध्ये बेट आणि घर सरकारी निसर्गसंस्थेकडे गेले. पुढे ओल शिरली, लाकूड कुजले. 2003 मध्ये बीबीसीच्या ‘रिस्टोरेशन’ कार्यक्रमात दुरुस्तीच्या निधीसाठी त्याचे नाव आले. निधी गेला मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्सला. सगळेच बाहेरून आणून उभारलेले घर राखायलाही सगळे बाहेरूनच आणावे लागते. चरखेवाल्याची कुटी मात्र पायाखालच्या मातीने दुरुस्त होते.

म्हणून कुटीला धोका नाही असे समजू नये. कुंभाराने चाकावर घडवलेला देशी कवेलू आधी इंग्रजी कवेलूने मागे टाकला, मग टिनाने. घरेच उरली नाहीत तर कुंभार भट्टी कोणासाठी लावणार? केळापूरच्या कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, बांबूच्या कुडाला माती लिंपून घर उभे करण्याचे ज्ञान पिढ्यानपिढ्या चालत आले. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून कोलामांसारख्या आदिम जमातींना पक्की घरे मिळू लागली. ती मिळायलाच हवीत; दरसालच्या लिंपणाचा भार बाईच्याच अंगावर पडतो, आणि गळक्या घराचे कौतुक त्यात न राहणाऱ्यालाच सुचते.

पण वारसा जपायचा म्हणजे इमारतीला कुंपण घालायचे, एवढ्यावर भागणार नाही. कवेलू घडवणारा, फेरणारा, कूड विणणारा आणि माती ओळखणारी बाई यांना त्या कामाचा नीट मोबदला मिळाला, तर त्यांची मुले ते शिकतील. शिकण्यासाठी कामही लागेल: अंगणवाडी, वनखात्याची चौकी, पर्यटकांच्या खोल्या अशा चार इमारती या रीतीने बांधता येतील. तो खर्च बापू कुटीच्या जतनाचाच आहे. तो टाळला, तर एक दिवस मातीच्या कुटीसाठीही किनलॉकसारखे दुरून कारागीर शोधावे लागतील.